डबा परत घेताना: आमचं काम कसं वाढलं, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आम्ही जेवणाचा डबा देतो. त्या डब्यातून पुढे आणखी चार-पाच कामं निघाली. देणगीदार भेटतात, नवी मुलं-मुली कामाला येतात, आपल्या पेठेत असंच काही सुरू करायचं म्हणून मंडळांची माणसं येतात, आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण हेच असतात. फोनवर घाईत दिलेलं उत्तर अर्धंच राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे.

सुरुवात कशी झाली?

माझे सासरे दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवर इंडी तालुक्यातला एक शेतकरी होता, बैलाने मारल्यामुळे बरगड्या मोडलेल्या. सोबत फक्त बायको. रुग्णाला दवाखान्याचं जेवण मिळतं, सोबतच्या माणसाला मिळत नाही. ही बाई नवऱ्याच्या ताटातली उरलेली पोळी पदरात बांधून ठेवायची आणि दुपारी नळावर जाऊन पाण्यात बुडवून खायची. दोन दिवस माझ्या ते लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी सासऱ्यांचा डबा उघडला तेव्हा तिने हसून मलाच विचारलं, "ऊटा आयतेन्री?" जेवण झालं का, असं कानडीत. स्वतः उपाशी असलेल्या बाईने विचारलेला तो प्रश्न मला आजही ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी मी दोन डबे नेले. आठवड्याभरात आमच्या गल्लीतल्या चार घरांतून अकरा डबे जायला लागले. तेव्हा संस्था, नाव, पावती पुस्तक यातलं काहीही नव्हतं.

सोलापुरातच ही गरज एवढी का?

कारण इथल्या दवाखान्यांत फक्त सोलापूरकर नसतात. अक्कलकोट, दुधनी, मंगळवेढा, तुळजापूर, उमरगा, शिवाय पलीकडच्या कर्नाटकातून इंडी, विजयपूर, अफझलपूर, कलबुर्गी अशा सगळ्या भागांतून रुग्ण इथे येतात. रेल्वे आहे, एसटी आहे, मोठे डॉक्टर आहेत. शंभर किलोमीटरवरून आलेला माणूस रोज घरी जाऊन जेवून येऊ शकत नाही. आणि आजारपणात पहिली काटकसर होते ती सोबतच्या माणसाच्या पोटावर. औषधाला पैसे राहिले पाहिजेत, मग आपण चहा-बिस्किटावर भागवू, असा हिशेब प्रत्येक जण करतो. आठ दिवसांनी तोच माणूस चक्कर येऊन पडतो, आणि मग रुग्णाकडे बघायला कुणी उरत नाही.

डब्यात काय असतं?

ज्वारीची भाकरी, एक पातळ भाजी किंवा आमटी, भात, शेंगाची चटणी, कांदा. उन्हाळ्यात ताक. पोळी द्या असं सुचवणारे पुष्कळ भेटतात, पण हा ज्वारीचा मुलूख आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. खेड्यातून आलेल्या माणसाला भाकरी पोटभर वाटते आणि पचते. प्रवासाला निघणाऱ्यांना आम्ही कडक भाकरी बांधून देतो, ती आठवडाभरही टिकते. भात आधी नव्हता. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतली माणसं भाकरी तशीच परत करू लागली, तेव्हा आमच्या लक्षात आलं.

लग्नात, वास्तुशांतीत उरलेलं अन्न आम्ही घेत नाही. देणाऱ्याचं मन चांगलं असतं, हे माहीत आहे. पण मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेला असताना दुपारी दोनला शिजलेली पनीरची भाजी रात्री आठला कुणाच्या पोटात घालायची जोखीम आम्ही घेणार नाही. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा नफ्यासाठी चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या दोन्ही प्रकारच्या अन्न व्यवसायांना लागू होतो. फुकट वाटलं म्हणून जबाबदारी सुटत नाही.

डबा स्टीलचाच का? पाकिटं दिली तर जास्त लोकांना जेवण जाईल ना?

जाईल. हा प्रयोग आम्ही केला, आणि आमच्या सगळ्या चुकांमध्ये ही सगळ्यात मोठी चूक होती.

एका वर्षी देणग्या बऱ्या आल्या. डबे घासणं, गोळा करणं यात चार माणसांचे रोज तीन तास जात होते. ते वाचवावेत म्हणून आम्ही कागदी खोकी आणि पाकिटं सुरू केली. वाटप जवळजवळ दुप्पट झालं. बैठकीत सगळे खूश होते, मीही होते. तीन-चार महिन्यांनी आमच्या एका जुन्या कार्यकर्तीने वही पुढे केली आणि म्हणाली, "यात नवीन काहीच लिहिलं गेलेलं नाही."

ही वही कसली, ते सांगते. डबा देताना माणूस बोलत नाही. भूक असते, लाज असते, रांग असते. डबा परत घ्यायला आपण दीड तासाने जातो तेव्हा पोट भरलेलं असतं, तो धुऊन पुसून डबा हातात देतो आणि मग बोलतो. उद्या सुट्टी देणार म्हणतात, पण जायला गाडी नाही. फॉर्मवर सही मागितली, कसली ते कळलं नाही. पोरीची परीक्षा आहे, घरी कुणी नाही. हे सगळं आम्ही वहीत टिपून ठेवत होतो. डब्यानंतरची आमची प्रत्येक गोष्ट त्या वहीतून निघालेली आहे. पाकिट दिलं की परत जायचं कारणच उरत नाही. वाटप वाढलं आणि वही कोरी राहिली.

आम्ही पाकिटं बंद केली. संख्या पुन्हा खाली आली. एका देणगीदाराने नाराज होऊन मदत थांबवली, त्याचं वाईट वाटलं. तरी निर्णय बदलला नाही.

मग डब्यातून पुढची कामं कोणती निघाली?

पहिलं म्हणजे पांघरूण. डिसेंबरात लोक व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून झोपत होते. चादरींच्या गावात माणसं कुडकुडत झोपतात, याची आम्हाला लाज वाटली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखानदाराला जाऊन सांगितलं. विणीत दोष राहिलेल्या, काठ चुकलेल्या चादरी त्याच्याकडे बाजूला पडलेल्या होत्या. त्याने गठ्ठा बांधून दिला. एका चादरीवर मोराची मान अर्ध्यावरच तुटलेली होती. ती चादर कित्येक वर्षं आमच्याकडे फिरत राहिली, लोक "मोराची द्या" म्हणून मागून घ्यायचे.

दुसरं, कागदपत्रं. याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

तिसरं, साहित्य. वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी, चाकाची खुर्ची. महिना-दोन महिने लागणारी वस्तू विकत घेण्यात गरिबाचे हजारो रुपये जातात आणि नंतर ती माळ्यावर पडून राहते. आम्ही अनामत घेऊन देतो, परत आणली की अनामत परत. ज्याच्याकडे अनामतीलाही पैसे नाहीत, त्याच्याकडून घेत नाही.

चौथं, भाषा. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू चारही बोलल्या जातात, पण आजारी माणूस घाबरला की त्याला फक्त आईची भाषा सुचते. गोळी जेवणाआधी की नंतर, एवढं नीट समजलं तरी पुष्कळ काही वाचतं. आमच्याकडे रोज दुपारी कानडी आणि तेलुगू बोलणारं एक तरी माणूस हजर असतं. यासाठी खर्च जवळजवळ नाही. सगळ्यात उपयोगी पडणारं काम कदाचित हेच असेल.

सरकारच्या एवढ्या योजना आहेत. मग संस्थेची गरज काय?

योजना आहेत आणि त्या चांगल्या आहेत, हे आधी म्हणते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, कायद्यानेच. हे शेवटचं तर निम्म्या शहराला माहीत नाही.

अडतं ते योजना आणि माणूस यांच्यामधल्या दहा पावलांवर. रेशनकार्ड गावी राहिलेलं असतं. कार्डावर सुनेचं नाव चढवलेलं नसतं. आधारशी मोबाईल जोडलेला नसतो, किंवा जोडलेला नंबर मुलाने कधीच बंद केलेला असतो. ओटीपी कुठे जाणार? खात्याचं केवायसी रखडल्यामुळे पोषणाचे पैसे येत नाहीत. या प्रत्येक गाठीला एखादा फोन किंवा एखादा हेलपाटा पुरतो, पण खाटेशेजारून उठता न येणाऱ्या माणसाला तोच जमत नाही. आम्ही तो हेलपाटा घालतो. योजना मंजूर करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, आणि तो असल्यासारखं आम्ही कधी वागत नाही. दवाखान्यातले आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या मदतीला नेमलेली माणसं, आणि समाजसेवा अधीक्षक यांच्याकडे माणसाला पूर्ण कागदांसकट नेऊन उभं करणं, एवढंच.

विडी कामगार महिलांमध्ये काम कसं सुरू झालं?

वहीतूनच. डबा घेणाऱ्या बायकांत विडी वळणाऱ्या पुष्कळ असायच्या. खोकला, कंबर, मान, डोळे, त्याच त्या तक्रारी. दवाखान्याच्या बाकावर बसूनही त्यांची बोटं मांडीवर चालत राहायची, रिकाम्या हाताने. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, म्हणून दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेला दिवस.

इथे आमची दुसरी मोठी चूक झाली. एका देणगीदाराला या महिलांना शिलाई मशिन द्यायची होती. आम्हीही उत्साहात होकार दिला. कार्यक्रम झाला, हार-नारळ झाले. सहा महिन्यांनी घरोघर गेलो तर बहुतेक मशिनवर कापड टाकलेलं, वर टीव्ही किंवा देव मांडलेले. एक मावशी म्हणाल्या, "ताई, शिवायला येतंय की. पण शिवून द्यायचं कुणाला? विडीचे पैसे आठवड्याला हातात पडतात." त्यांचं बरोबर होतं. आम्ही त्यांना विचारायच्या आधीच उत्तर घेऊन गेलो होतो.

त्यानंतर त्यांच्या ओट्यावर बसून नुसतं ऐकलं. अडचण वेगळीच निघाली. नावाची. तेलुगू रिवाजात घराण्याचं नाव, म्हणजे इंटिपेरू, आधी येतं. मग आधारवर एक क्रम, विडी कामगाराच्या ओळखपत्रावर दुसरा, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत तिसरा. कुठे लक्ष्मी, कुठे लक्ष्मीबाई, कुठे लग्नाआधीचं नाव. जन्मतारीख तर प्रत्येक कागदावर निराळी. तीस वर्षं विड्या वळलेल्या बाईचा स्वतःचाच पैसा एका वेलांटीसाठी अडकून पडतो. मुलांची शिष्यवृत्तीही त्यातच अडते.

म्हणून आता आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही फक्त नावं दुरुस्त करायला बसतो. अर्ज लिहायचा, प्रतिज्ञापत्र करायचं, कुठला कागद आधी बदलला की पुढचे बदलतात तो क्रम लावून द्यायचा. या कामाचा फोटो चांगला येत नाही, उद्घाटनाला कुणी येत नाही. पण सुनेला घेऊन, मिठाईचा पुडा घेऊन जेवढ्या बायका आमच्याकडे परत आल्या, तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच कामासाठी आल्या नाहीत.

विडी कामगार महिलांमधलं हे काम शहरातल्या अशोक चौकातून कुंभारी गावाकडे का नेलं?

माणसं तिकडे गेली म्हणून. कुंभारीत 2006 मध्ये विडी कामगार महिलांना 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळाली. नंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरचा 30,000 घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या पहिल्या 15,000 घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. स्वतःचं पक्कं घर ही त्या कुटुंबांच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे. पण घर बदललं की रेशन, शाळा, गॅस, मतदार यादी, सगळ्यांवरचा पत्ता बदलावा लागतो, आणि जुन्या पेठेतला ओळखीचा डॉक्टर रिक्षाच्या भाड्याएवढा लांब जातो. आम्ही जुन्या खोलीत बसून "हल्ली बायका येत नाहीत" म्हणत राहिलो असतो, तर चूक आमचीच ठरली असती.

एखादी गरज हाती घ्यायची की नाही, हे कसं ठरवता?

वहीत तीच गोष्ट वेगवेगळ्या कार्यकर्त्यांच्या हस्ताक्षरात, वेगवेगळ्या वॉर्डांतून पुन्हा पुन्हा आली पाहिजे. मग बघतो की हे काम शहरात आधीच कुणी करतंय का. करत असेल तर माणूस त्यांच्याकडे पाठवतो. कर्करोगाच्या रुग्णांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाची माहिती देतो, गाडीचं वेळापत्रक सांगतो, तिथे वेगळं काही उभं करत नाही. कुणीच करत नसेल तर तीन महिने गाजावाजा न करता करून बघतो. फलक नाही, नाव नाही. तीन महिन्यांनी ते काम ज्याच्यासाठी आहे त्यालाच विचारतो. बंद केलं तर कुणाचं अडेल? उत्तर लगेच आलं नाही तर आम्ही थांबतो.

एखादं काम बंद केलंय का?

रुग्णवाहिका. देणगीत मिळाली, मोठ्या आनंदाने घेतली. विमा, टायर, चालकाचा पगार, रात्री-अपरात्री येणारे फोन. आणि तातडीसाठी तर 2014 पासून 108 ची सेवा आहेच. आमची गाडी धावली त्यापेक्षा जास्त उभी राहिली. लोकांना खरी अडचण होती ती सुट्टी मिळाल्यावर घरी जायची, प्लास्टर घातलेला पाय घेऊन एसटीत चढायची. त्यासाठी ओळखीच्या रिक्षा आणि टेम्पोवाल्यांशी बोलून ठेवलं, भाड्यातला काही वाटा आम्ही देतो. गाडी देणगीदाराच्या संमतीने दुसऱ्या संस्थेला दिली.

आमच्या मंडळाला असं काम सुरू करायचंय. नोंदणी आधी करावी की काम आधी?

काम आधी. निदान वर्षभर. नोंदणी करून मग काम शोधणाऱ्या संस्था आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.

पण लोकांकडून पैसे घ्यायला लागलात की नोंदणी टाळू नका. आपल्याकडे साधारण दोन वाटा आहेत: 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था, ज्याला किमान सात सभासद लागतात, किंवा 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यास. बहुतेक संस्था दोन्हीकडे नोंदतात, काम धर्मादाय कार्यालयातच होतं. कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी हा तिसरा मार्ग आहे, पण डबे वाटणाऱ्या गल्लीतल्या मंडळाला तो जड जातो.

घटना लिहिताना उद्देश नीट लिहा. आमच्या घटनेत सुरुवातीला फक्त "रुग्णांच्या नातेवाइकांना अन्नदान" एवढंच होतं. पुढे साहित्य आणि शिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा ते बदलून घ्यायला बराच काळ गेला. उद्देश एवढा अरुंद नको की पुढची गरज बाहेर राहील, आणि एवढा सैलही नको की कुणीही काहीही करावं. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हा अर्ज राहून जाणं हे सोलापुरातल्या किती तरी जुन्या संस्थांचं दुखणं आहे. कागदावरचे विश्वस्त वारलेले, काम करणारे कागदावर नाहीत, आणि मग बँक खातं कोण चालवणार यावर वर्षानुवर्षं अडून बसलेली कामं. जागा विकायची किंवा कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. हिशेब दरवर्षी तपासून द्यायचा. चांगला सीए सुरुवातीलाच गाठा, त्याची फी ही उधळपट्टी नव्हे.

पैसा कुठून येतो?

सगळ्यात जास्त छोट्या देणग्यांतून. महिन्याला ठरावीक रक्कम देणारे शिक्षक, निवृत्त रेल्वे कर्मचारी, दुकानदार, आणि ज्यांनी कधीतरी आमचा डबा खाल्ला आहे अशी माणसं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आणि श्रावणात देणगी वाढते, मे-जूनमध्ये आटते. म्हणून जूनचा किराणा आम्ही जानेवारीच्या पैशातून बाजूला काढतो.

प्रत्येक रुपयाला पावती. देणगीवरची आयकर सवलत हवी असेल तर 2000 रुपयांवरची देणगी रोखीने देऊ नका, सवलत मिळत नाही. चेक किंवा यूपीआयने द्या. परदेशातून पैसे पाठवू नका. त्यासाठी वेगळा कायदा आणि वेगळी नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. सोलापूर सोडून गेलेली किती तरी मुलं अमेरिकेतून विचारतात, त्यांना आम्ही सांगतो की भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या इथल्या खात्यातून द्या.

कंपन्यांचा सीएसआर निधी घेता का?

घेतला आहे, मर्यादेत. कायद्यात बसणाऱ्या मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि त्यातून चांगली कामं उभी राहतात. साहित्य घ्यायला तो पैसा उत्तम. पण रोजच्या भाकरीला आम्ही तो लावत नाही. कंपनीचं वर्ष मार्चला संपतं. भूक एप्रिलमध्येही असते. एकदा एका कंपनीने पुढच्या वर्षी विषय बदलला आणि आमच्याकडच्या तीन माणसांचे पगार अधांतरी राहिले. तेव्हापासून रोजचं काम गावाच्या पैशावर आणि खरेदी मोठ्या पैशावर, असं ठरवून टाकलं.

सेवेच्या कामात पगार कशाला?

भाकरी थापणाऱ्या बायकांना रोज दोन-तीन तास चुलीपुढे बसावं लागतं. त्या स्वतः गरीब आहेत. त्यांनी फुकट थापावं आणि आम्ही सेवेचं समाधान मिळवावं, हे मला पटत नाही. त्यांना बाजारभावाने मजुरी मिळते. कागदपत्रांचं काम बघणाऱ्या दोन मुलींना पगार आहे, त्यातली एक विडी कामगाराची मुलगी आहे. विश्वस्त एक रुपयाही घेत नाहीत. डबे पोचवणारे आणि परत आणणारे कार्यकर्ते मानधन घेत नाहीत, पेट्रोल मात्र मागितलं तर देतो.

दुसऱ्या गावात शाखा काढणार का?

नाही. पंढरपूर, बार्शी, लातूर इथून मागणी आली. त्यांना आमच्याकडे आठ दिवस येऊन राहा म्हणून सांगितलं, वही दाखवली, हिशेब दाखवला. त्यांनी त्यांच्या गावात त्यांच्या नावाने करावं. कुणाच्या घरी भात लागतो आणि कुणाकडे भाकरी, हे बाहेरच्या कार्यालयातून ठरवता येत नाही.

वाढ म्हणजे शाखा, असं समजणाऱ्यांना मी पंढरपूरची गोष्ट सांगते. 1875 साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवा बाळंतपणासाठी क्षेत्राच्या गावी यायच्या आणि मूल टाकून द्यायच्या, त्यावरचा तो उपाय होता. दुसऱ्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला आणि अनाथ मुलांचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. पुढे तिथेच बालकाश्रम वाढला. एका जागी राहून, समोर येईल त्या माणसासाठी काम बदलत गेलं. सोलापूर जिल्ह्यातली ही गोष्ट आपल्याच लोकांना फारशी माहीत नसते.

वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला एका दिवसाचं जेवण देता येईल का?

हो, आनंदाने. फलक, केक आणि जेवणाऱ्यांसोबत फोटो मात्र नाही.

फोटो का नाही? देणगीदाराला खात्री कशी पटणार?

हिशेब बघा, स्वयंपाकघरात या, दिवसभर बसा. आजारी नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईने हातात डबा धरून कॅमेऱ्याकडे बघावं, हे आम्ही कुणालाही करायला लावणार नाही.

जुन्या वस्तू घेता का?

चालू स्थितीतला वॉकर, कुबडी, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, स्टीलचे डबे, धुतलेल्या चादरी. उघडलेली औषधं घेत नाही. जुने कपडेही नाही, निवडायला माणसं नाहीत.

मला काम करायचंय. कधी येऊ?

वाटपाच्या वेळी नको, तेव्हा माणसं पुरेशी असतात. दुपारी तीनला या, डबे परत घ्यायच्या वेळी. पहिले आठ दिवस वही हातात देणार नाही. नुसतं जुन्या कार्यकर्त्यासोबत फिरायचं. कुणी बाकावर सरकून जागा दिली तर बसायचं. आपण होऊन गाव, जात, आजार विचारायचा नाही. काही जण डबा देतात आणि मान फिरवतात, त्यांना तसंच राहू द्यायचं. काही जण झाकण उघडून दाखवतात, स्वच्छ घासलंय बघा म्हणून. ते बघायचं, आणि छान घासलाय म्हणायचं.

साडेचारला डबे घेऊन परत यायचं. आमच्याकडे ते पुन्हा एकदा गरम पाण्याने धुतात, तिथे हात लावायचा. त्या वेळी जे ऐकलं ते जुनी माणसं एकमेकांना सांगत असतात, आणि कुणीतरी ओल्या हाताने वहीत लिहीत असतं.